पप्पा, तिथे नुसता धिंगाणा नव्हता

रॉचेस्टर, रविवार संध्याकाळ

प्रिय मम्मी, पप्पा, आजी, दादा आणि वहिनी,

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

मी अगदी बरी आहे, हे आधीच लिहून टाकते कारण मम्मी पत्र उघडल्यावर पहिलं तेच शोधणार. जेवणखाण व्यवस्थित, सर्दी-ताप काही नाही, ख्रिस्ती गाण्यांच्या महोत्सवाला गेले होते, तिथल्या फोटोत काळवंडलेली दिसतेय ते नुसतं ऊन आहे. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर नीट बोलणंच झालं नाही, पप्पा "बरं, ठीक आहे" म्हणाले आणि उठून गेले. मम्मी, तू म्हणालीस गेटवर कोण आलंय ते बघायला गेलेत, पण मला कळतं गं. म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. दादा, हे मोबाईलवर वाचून दाखवू नको, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून पप्पांच्या हातात दे. आजीला मात्र तू स्वतः वाचून दाखव, खालचा एक भाग तिच्यासाठीच आहे.

रोजचं ऑफिस, डबा, बस हे तुम्हाला पाठ आहे, ते परत लिहीत नाही. मामाने ते फोटो बघून फॅमिली ग्रुपवर विचारलंय ना, की हे चर्च आहे का जत्रा, त्याचंच उत्तर देते.

इथून तासाभरावर, बफेलो शहराच्या अलीकडे, डॅरियन लेक म्हणून मोठं अम्युझमेंट पार्क आहे. मूळचं ते कॅम्पिंगचं ठिकाण, पाळणे, रोलर कोस्टर वगैरे नंतर आले. उन्हाळ्यात तिथे किंगडम बाउंड नावाचा ख्रिस्ती संगीताचा महोत्सव भरतो, १९८७ पासूनचा आहे. एकाच तिकिटात पार्कही आणि गाणीही, म्हणजे सकाळी पोरं पाळण्यात, दुपारी तंबूत बायबलवर कुणाचं तरी भाषण, एका तंबूत उपासना, आणि रात्री मोठ्या स्टेजसमोर हजारो माणसं. आमच्या चर्चची व्हॅन गेली होती, पास्टर आणि त्यांच्या मिसेस दोघंही बरोबर होते, तंबूत आम्ही तिघी मुली होतो, एक तेलुगू, एक इथलीच आणि मी. मम्मी, तुझ्या "कोण कोण होतं" या प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर आहे, यात कुणाचंही नाव लपवलेलं नाही.

पप्पा, आता तुमचं. ड्रम, धूर, लाल-निळे लाईट, आणि त्यात प्रभूचं नाव, हे तुम्हाला पटलं नाही, मला माहितेय. पहिल्या रात्री मलाही छातीत धडधडलं, इतका आवाज होता. पण हे कालपरवाचं फॅड नाही हो. १९७२ साली टेक्सासमध्ये डॅलसला एक्सप्लो म्हणून मोठा मेळावा झाला होता, ८० हजारांच्या आसपास तरुण मुलं आली होती, गिटार-ड्रमवाले बँड तिथे वाजले आणि त्याच मेळाव्यात स्वतः सुवार्तिक बिली ग्रॅहम बोलले. तुम्ही ज्यांची पुस्तकं कपाटात कव्हर घालून ठेवलीत तेच बिली ग्रॅहम. डिस्नेसारख्या कंपनीनेसुद्धा फ्लोरिडाच्या पार्कात १९८३ पासून २०१७ पर्यंत नाइट ऑफ जॉय नावाने अशाच ख्रिस्ती गाण्यांच्या रात्री केल्या. इथे चर्चच्या तरुण संघांना मुलांना घेऊन जायला ही जागा सोयीची पडते, एका कुंपणाच्या आत सगळं, आणि आमच्या आसपास मी दारूचा एक ग्लास पाहिला नाही.

आणि टिळकांचं काय मग? नारायण वामन टिळक आपल्याच नगरला राहिले, त्यांनी प्रभूची गाणी अभंगांत आणि भजनांत लिहिली, ती तुम्हीच आम्हाला पेटीवर शिकवलीत. आजोबा सांगायचे की उपासनेत टाळ-मृदंग आले तेव्हाही नाकं मुरडणारी माणसं होतीच. त्या माणसांनाही प्रभूबद्दल आदरच होता, तुम्हालाही आहे, मी तुम्हाला शिकवायला बसलेली नाही. मला एवढंच सांगायचंय की दुसऱ्या रात्री एक गाणं संथ झालं, ड्रम थांबले, आणि हजारो माणसं नुसत्या आवाजाने गात होती, तेव्हा शब्द इंग्रजी होते पण माझ्या तोंडात प्रार्थना मराठीतच आली, तुम्ही रात्री दिवा मालवायच्या आधी म्हणता तीच. मी काही हरवून बसलेली नाही पप्पा.

पण एक गोष्ट मात्र मला अजून समजलेली नाही, ती तुम्हाला सांगायलाच पाहिजे. खुर्च्यांची गोष्ट. मोठ्या स्टेजसमोर थोड्या जागेवर छप्पर आहे, त्याच्या मागे उतरतं गवताचं मैदान. सकाळी दारं उघडली की लोक आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन पळत येतात, कापडी असतात, एका लांब पिशवीत मावतात, हाताशी ग्लास ठेवायला जाळी असते. त्या मैदानात मांडायच्या. आणि मग काय, निघून जायचं! अक्षरशः दिवसभर. गाणी संध्याकाळी, खुर्ची सकाळपासून, आणि माणूस पाळण्यात नाहीतर पोहायला. शेकडो रिकाम्या खुर्च्या उन्हात रांगेत, कुणी राखणीला नाही, काहींवर गॉगल, पाण्याची बाटली, एकीवर तर चक्क बायबल आणि त्यावर गाडीची किल्ली. आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो तसंच आहे म्हणा, पण आपण रुमाल टाकून लगेच दाराकडे धावतो, आणि तरी आत जाऊन भांडावं लागतंच. इथे कुणी सरकवत नाही. मी त्या इथल्या मुलीला विचारलं की उशिरा आलेल्याने पुढची खुर्ची उचलून मागे ठेवली तर? तिला प्रश्नच कळेना. म्हणाली, पण ती त्यांची जागा आहे. मी म्हटलं, जागा तर पार्कची आहे. ती म्हणाली, हो, पण खुर्ची त्यांची आहे. यावर काय बोलणार! आणि त्यातही नियम आहेत, उंच पाठीची खुर्ची मागे ठेवायची, बुटकी पुढे, अंथरूण टाकायचं तर कडेला, जाण्यायेण्याची वाट सोडायची, आणि हे कुठेही लिहिलेलं नाही, सगळ्यांना आपोआप माहीत. मी आपली पहिल्या दिवशी दर तासाला जाऊन माझी खुर्ची बघून येत होते.

मग एका दुपारी आभाळ भरून आलं, विजा चमकायला लागल्या तसे पाळणे बंद केले, सगळ्यांना आडोशाला जायला सांगितलं. आम्ही तंबूत अडकलो. पाऊस थांबल्यावर मैदानात गेले तर माझी खुर्ची कुणीतरी घडी करून, बसायची बाजू आत घेऊन, तिथल्या तिथे आडवी ठेवलेली. फक्त माझी नाही, आजूबाजूच्या सगळ्याच. आणि जागा तीच, इंचभर हललेली नाही. ज्याने केलं तो माणूस मला शेवटपर्यंत कळला नाही. मम्मी, तू म्हणतेस ना, तिथे कोण आहे गं तुझं, कोण बघणार, म्हणून हे लिहिलं.

रोलर कोस्टरबद्दल: बसले नाही. तू शपथ घातली होतीस, मी पाळली. फक्त मोठ्या आकाशपाळण्यात बसले, तो हळू फिरतो, १६५ फूट उंच आहे, टेनेसीत नॉक्सव्हिलला १९८२ साली जागतिक प्रदर्शन भरलं होतं तिथून इथे आणलाय. वरून सगळीकडे शेतं दिसतात, मक्याची. नगरसारखं अजिबात नाही, इतकं हिरवं. तरी पाळणा वर थांबल्यावर मला सारखं वाटत होतं की आजीला इथे बसवायला पाहिजे होतं, तिला उंचावरून बघायला आवडतं.

आता आजीसाठी. आजी, तिथे एका तंबूत टेबलं मांडलेली होती, त्यावर लहान मुलांच्या फोटोंची कार्डं. गरीब देशांतली मुलं. कार्डावर मुलाचं नाव, वाढदिवस, घरी कोण आहे, काय खेळायला आवडतं, सगळं लिहिलेलं. आपण एक कार्ड उचलायचं आणि दर महिन्याला त्या मुलाच्या शाळेसाठी, जेवणासाठी पैसे द्यायचे, पत्रंही लिहायची. माणसं पॉपकॉर्न खात येत होती आणि तिथे आल्यावर गप्प होत होती. मी तिथे किती वेळ उभी राहिले, माझ्या मैत्रिणी पुढे गेल्या तरी मला कळलं नाही. मला तू आपल्या नगरकडच्या वडाळ्याच्या मिशनच्या बोर्डिंगमधली दिसत होतीस. नाताळला अमेरिकेहून पेटी यायची, त्यात फ्रॉक आणि चित्रांची कार्डं, आणि कुणीतरी बाई तुझी फी भरायची जिला तू कधी पाहिलं नाहीस. बोस्टनच्या मिशनची माणसं १८३१ साली नगरला आली, हे आम्ही संडे स्कूलमध्ये घोकलं होतं, पण पैसे नेमके कुठून येत होते ते मला तिथे त्या टेबलापाशी उभं राहून कळलं. अशाच कुठल्यातरी मंडळीतून, अशाच बायकांकडून, ज्यांनी नगर नकाशातसुद्धा पाहिलं नसेल. मी एक कार्ड घेतलं. युगांडाची मुलगी आहे, सहा वर्षांची, तिला दोरीच्या उड्या आवडतात. तिला पहिलं पत्र लिहिलं त्यात तुझ्याबद्दल लिहिलंय.

पप्पा, मला माहितेय तुम्ही आता हिशोब करताय. महिन्याला ४० डॉलरच्या आसपास जातात. ते मी माझ्या बाहेर खाण्यातून काढतेय, घरच्या पैशातून नाही. एक तारखेला नेहमीसारखे पैसे येतील. कर्जाचा हप्ता वेगळा, तो बँकेत आपोआप जातो, त्याची काळजी करू नका. महोत्सवाचं तिकीट चर्चने ग्रुपमध्ये स्वस्तात काढलं होतं आणि तंबू त्यांचाच होता, म्हणजे त्यातही फार काही गेलं नाही. स्लॅब गळतोय हे मला वहिनीकडून कळलं, तुमच्याकडून नाही. पावसाळा अर्धा संपला पप्पा, आणि तुम्ही पातेली ठेवून झोपताय आणि मी इकडे गाणी ऐकतेय, असं नका ना करू. दादा, गवंड्याकडून वॉटरप्रूफिंगचा आकडा घे आणि मला कळव, या वेळी जास्तीचे पाठवते. आणि आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीपर्यंत ढकलू नका, ते पैसे मी बाजूला ठेवलेत.

नाताळचं. मम्मी, तू विचारू नयेस म्हणून मीच फोनवर दुसरंच काहीतरी बोलत राहिले. या नाताळला येणं जमेल असं दिसत नाही. व्हिसा नवा झालाय पण पासपोर्टवर त्याचं स्टॅम्पिंग व्हायचंय, मुंबईत अपॉइंटमेंट मिळाली नाही तर मी तिकडेच अडकेन आणि नोकरी जाईल, मग हप्ता कोण भरणार. ऑफिसच्या वकिलाने सध्या जाऊ नको म्हणून स्पष्ट सांगितलंय. ईस्टरला बघते. आजीला ईस्टर सांगा, नाताळ नाही म्हणू नका, फक्त ईस्टरला येते म्हणा.

आणि पुण्याचं स्थळ. बायोडेटा वाचला, फोटो पाहिला, माणसं चांगली वाटतात, पाळकसाहेबांच्या ओळखीतली आहेत हेही कळलं. मी नाही म्हणत नाहीये. पण मुलाच्या आईने विचारलंय ना की मुलगी लग्नानंतर नोकरी सोडून पुण्यात राहील का, त्याला मम्मी तू परस्पर हो म्हणाली आहेस असं वहिनी म्हणते. तसं झालं असेल तर त्यांना आधी फोन करून सांग की मुलीचं कर्ज अजून फिटायचंय आणि ते फिटेपर्यंत ती नोकरी सोडणार नाही. मुलाला माझा नंबर दे, आम्ही दोघं आधी बोलतो. त्याच्याशी बोलल्याशिवाय मामाने साखरपुड्याची तारीख कुणाला सांगू नये, हे पप्पांनीच मामाला सांगावं, माझं तो ऐकणार नाही.

तुमची,
बेबी