गुरुवारच्या गरम पाण्याबद्दल

आदरणीय मावशी,

सप्रेम सलाम. हे पत्र तुमच्या हाती न देता सर्वांसमोर लिहीत आहे, कारण समोर बसून आभार मानू लागलो तर तुम्ही नेहमीप्रमाणे "चहा निवतोय" म्हणून मला गप्प कराल.

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत २६ वर्षे मी वाळूचे साचे भरले. खोकल्याने ते काम सुटले, तेव्हा पगारापेक्षाही सकाळी उठण्याचे कारण गेले याचा त्रास मला अधिक झाला. त्या दिवसांत मी कोणाचे दार ठोठावले नाही असे नाही. एका मोठ्या प्रार्थना मेळाव्यात माझ्या विश्वासातच खोट असल्याचे मला सांगण्यात आले आणि लगोलग दानाचे पाकीटही हाती ठेवण्यात आले. एका वडीलधाऱ्या बंधूंनी देवाची माझ्यासाठी महान योजना असल्याचे निदान पाच वेळा ऐकवले, मात्र त्या योजनेत सोमवारी सकाळी मी नेमके काय करायचे, हे त्यांना एकदाही सांगता आले नाही.

तुम्ही मात्र उपासना संपल्यावर चपला घालता घालता एवढेच म्हणालात, "देवाला तुझ्याकडून काय हवंय ते मला ठाऊक नाही बाबा. पण सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात पेशंटची दाढी करून द्यायला कोणी नाही. गुरुवारी ये."

मी आलो तो केवळ तुमच्या वयाचा मान राखण्यासाठी. बैलहोंगलकडचे ते आजोबा, त्यांना मराठी येत नव्हते आणि माझे कन्नड फौंड्रीत शिकलेले, म्हणजे शिव्यांपुरतेच पक्के. माझा हात थरथरला, हनुवटीवर रक्त आले आणि ते "साकु, साकु" (पुरे, पुरे) म्हणत राहिले. पुन्हा यायचे नाही, असे घरी जातानाच ठरवले होते. पुढच्या गुरुवारी आलो तो वस्तरा कागदात गुंडाळून परत करण्यासाठी, आणि तोही तासभर उशिराने.

खिडकीच्या कट्ट्यावर ताटलीने झाकलेला गरम पाण्याचा तांब्या होता, शेजारी घडी घातलेला पंचा आणि पात्यांचे न फोडलेले पाकीट. मी येणार का, हे तुम्ही विचारले नव्हते. मीही काही कळवले नव्हते. ताटली उचलली तर पाण्याला वाफ होती. त्या एका तासात ते पाणी तुम्ही किती वेळा बदलले असेल आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तो जिना किती वेळा चढला असाल, हे मी आजवर विचारलेले नाही. माझ्यावर माझाच भरवसा उरला नव्हता, तेव्हा कोणीतरी माझ्यासाठी पाणी गरम ठेवले होते. वस्तऱ्यावरचा कागद मी तिथेच सोडला.

यज्ञापेक्षा आज्ञापालन बरे, हे बायबलमध्ये शमुवेल संदेष्ट्याने शौल राजाला सुनावलेले बोल मी रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो, पण ती मला नेहमी धमकीच वाटली. रात्रभर जाळी टाकून थकलेल्या पेत्राला, येशूच्या त्या कोळी शिष्याला, मासे मिळतील असे वाटत नव्हते. तू सांगतोस म्हणून टाकतो, एवढेच तो येशूला म्हणाला. माझेही तसेच झाले: आधी हातांनी ऐकले, मन कितीतरी गुरुवार मागून लंगडत आले. पंडिता रमाबाईंचे तुम्ही सांगितलेले या ठिकाणी आठवते. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही हे उमगायला आपल्याला आठ वर्षे लागली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना केडगावला आणायला त्या निघाल्या, तेव्हा त्यांच्या विश्वासाविषयी कोणी वेगळी साक्ष मागण्याची गरजच उरली नाही. (जन्म कर्नाटकातला, कार्य महाराष्ट्रातले, सीमावादात बाईंना कोणत्या बाजूला बसवायचे, हा तुमचा आवडता प्रश्न.)

माझा खोकला गेलेला नाही आणि नोकरीही परत आलेली नाही. प्रार्थनेत आता मी मोठे काही मागत नाही; आज कोणत्या खाटेपाशी जायचे तेवढे विचारतो, आणि उत्तर बहुधा वॉर्डात शिरताच मिळते. चांगुलपणा तिथे गाजावाजा न करता वावरतो: गुरुवारी आमच्याकडून पैसे न घेणारा चहावाला त्याच्या गल्ल्याजवळ येशूचे नव्हे, गणपतीचे चित्र लावतो, आणि पलीकडच्या खाटेवरील रुग्णाचा मुसलमान मुलगा न सांगता आरसा धरून उभा राहतो.

ब्रशचे केस झडू लागले होते, म्हणून गणपत गल्लीतून नवा आणला आहे. येत्या गुरुवारी जिना चढू नका. तांब्या मीच भरून आणतो. तुम्ही खाली बाकावर बसा आणि चहा निवू देऊ नका.

तुमचा,
गुरुवारचा न्हावी