'यंग इंडिया'च्या तबकड्या भंगारात देऊ नका

महोदय,

सोलापुरातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) ग्रामोफोनच्या तबकड्या अजून सापडतात आणि घर आवरताना भंगारात जातात. त्यांत 'यंग इंडिया'चे लेबल दिसले, तर कृपया ती बाजूला काढावी.

मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचे हे स्वदेशी लेबल १९३५ ते १९५५ या काळात चालले. नामवंत गायक एच.एम.व्ही. या बड्या रेकॉर्ड कंपनीकडे असताना या कंपनीने नवख्या, हौशी गळ्यांना मायक्रोफोनपुढे उभे केले, हे तिचे मोठेच काम. एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे. तेवढ्यात स्थायी, अंतरा, चार ताना बसवून समेवर यायचे! एच.एम.व्ही.ची बरीच गाणी पुढे एलपी (जास्त वेळ वाजणाऱ्या, बारीक खाचांच्या तबकड्या), कॅसेटवर आली; 'यंग इंडिया'ची बहुतेक आलीच नाहीत. म्हणून घरातली एकेक तबकडी मोलाची.

या तबकड्या लाखेच्या असतात. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावले की लाख विरघळते आणि खाचा कायमच्या जातात. लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने पुसावे. लेबल कोरडेच ठेवावे. बोअरचे पाणी नको, त्यातले क्षार खाचांत बसतात. तबकड्या सावलीत वाळवून उभ्या ठेवाव्यात. पत्र्याखाली मे महिन्याच्या उन्हाने लाख मऊ पडते, आडव्या थप्पीतल्या तबकड्या वाकतात.

चावीच्या ग्रामोफोनवर दर बाजूला नवी पिन लागतेच. लाखेत दगडाची पूड असते, ती पिन घासते; झिजलेली पिन पुन्हा वापरली की तिच्या कडा खाच कापत जातात. रेकॉर्ड प्लेअरवर एलपीची सुई चालत नाही. ७८ची खाच रुंद, तिला सुमारे ०.००३ इंच त्रिज्येच्या टोकाची सुई हवी. एलपीची बारीक सुई तळाच्या कचऱ्यातून घसटत जाते, मग खरखर वाढते आणि दोष मात्र तबकडीला लागतो.

संगणकावर उतरवताना मोनो ठेवावे, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल करावी. खरखर काढण्याची घाई नको. खरखर काढणाऱ्या फिल्टरमध्ये तंबोऱ्याची आसही (मागे रेंगाळणारा नादही) जाते. मूळ प्रत तशीच राखून प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. सोबत लेबलचा फोटो घ्यावा आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कडीत कोरलेला क्रमांकही टिपून ठेवावा. लेबलवरचे गायकाचे नाव पुसले गेले असेल, तर ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो.

– काही तबकडी-संग्राहक, सोलापूर