‘एल’ची अट लागू न देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीत स्कूल बससाठी क्लास बी (जड वाहनाचा) परवाना काढणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना तुम्ही एअर ब्रेकची, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकची, तपासणी मराठीतून समजावलीत, त्याचे हे जाहीर आभार. लेखी पेपर 25 प्रश्नांचा, 20 बरोबर आले की सुटका; तो पाठांतरावरही निघतो. गाडीवरच्या तपासणीत मात्र पायरी चुकली की परीक्षा तिथेच संपते. बिन-एअर-ब्रेकच्या गाडीवर परीक्षा द्यावी, तर परवान्यावर ‘एल’ची अट बसते आणि एअर ब्रेकची बस चालवता येत नाही.

तुम्ही क्रम दिलात तो कारणांसकट. आधी चाकांना ठोकळे, कारण पुढे पार्किंग ब्रेक सोडायचाच आहे. मग हवा भरणारा कंप्रेसर गव्हर्नर (दाब सांभाळणारा भाग) थांबवेपर्यंत, म्हणजे दाब दर चौरस इंचाला साधारण 125 पौंड होईपर्यंत हवा भरायची (तो ‘फुस्स’ आवाज एसटी स्टँडवर आपण ऐकलेलाच). इंजिन बंद, पण चावी पुन्हा ‘ऑन’वर. पुष्कळ जण इथेच आपटतात: चावी ऑन नसेल तर दाब कितीही उतरो, कमी दाबाचा इशारा देणारा बझर वाजतच नाही.

पार्किंग ब्रेक सोडणारं पिवळं बटण आत ढकलून पायब्रेक घट्ट धरायचा. दाबमापकाचे काटे जरा खाली येतात, ती गळती नव्हे. टाकीतली हवा ब्रेक चेंबरमध्ये गेली, एवढंच. काटे स्थिरावल्यावर मिनिट मोजायचं. त्यात बसला 3 पौंड दाब उतरण्याची सूट, ट्रेलर जोडलेल्या गाडीला 4. पाय मध्येच सैल पडला तर मिनिट पुन्हा पहिल्यापासून.

मग पायब्रेक पूर्ण दाबायचा, पूर्ण सोडायचा, पुन्हा दाबायचा. अर्धवट दाबलं की हवा जेमतेम खर्च होते आणि परीक्षक ताटकळतो. काटा 55 च्या खाली जाऊनही बझर गप्प असेल, तर ती बस रस्त्यावर न्यायची नाही. तसंच दाबत राहिलं की 20 ते 45 पौंडांच्या दरम्यान बटण आपोआप बाहेर येतं. ‘हवा गेली की ब्रेक गेले’ ही आमची समजूत तुम्ही इथे मोडलीत. पार्किंग ब्रेकची स्प्रिंग हवेनेच मागे रेटून धरलेली असते. हवा संपली की ती मोकळी होऊन चाकं आवळते. म्हणून पार्किंग ब्रेक लागलेला असताना पायब्रेक जोरात दाबायचा नाही. स्प्रिंग आणि हवा, दोघांचा भार एकदम पडून भाग मोडू शकतात.

थंडीत रोज टाक्यांतलं पाणी काढायचं, नाहीतर ते गोठतं, हेही लक्षात आहे.

हवा चाकापर्यंत पोचायला लागणारा 0.4 सेकंद आम्हाला किरकोळ वाटला होता. ताशी 55 मैलांना तेवढ्यात बस 32 फूट पुढे जाते, हे तुम्ही बसशेजारी दोर अंथरून दाखवलंत. तो दोर आमच्याकडेच राहिलाय. नव्या तुकडीला लागेल, तेव्हा पार्किंगमध्ये आणून देतो.

आपली,
क्लास बीची मंडळी