बिनभिंतींचं घर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलीकडे फिलाडेल्फियाला गेले होते. इंडिपेंडन्स हॉल आणि ती तडा गेलेली 'लिबर्टी बेल' घंटा रीतसर रांग लावून पाहिली. मग जावई म्हणाले, "आता बेंजामिन फ्रँकलिनचं घर." फ्रँकलिन म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शिल्पकारांपैकी एक. मार्केट स्ट्रीटवरच्या कमानीतून, वाड्याच्या देवडीतून शिरावं तसं आत गेलो, तर चौकात घर नव्हतंच! पांढऱ्या रंगवलेल्या पोलादी तुळयांचा सांगाडा तेवढा उभा. छपराचा आकार, धुराडी, मधून आरपार आभाळ.

हे घर फ्रँकलिनच्या वारसांनी १८१२ मध्ये पाडलं. (वारस इथून तिथून सारखेच.) अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, १९७६ साली, तिथे काही उभारायचं ठरलं. पाया सापडला होता, पण घर बाहेरून दिसायचं कसं, याचं चित्र कुणाकडेच नव्हतं. तेव्हा व्हेंच्युरी आणि सहकारी वास्तुकारांनी अंदाजपंचे घर बांधलं नाही. नुसती रेघ ओढली. जुना पाया झरोक्यांतून खाली वाकून बघायचा.

पायाखालच्या फरशीवर नवरा-बायकोच्या पत्रांतला मजकूर कोरलाय. घर पुरं होत होतं तेव्हा फ्रँकलिन लंडनला आणि गवंडी-सुतारांपुढे उभी डेबोरा. तो तिकडून लिहितो, स्वयंपाकघर म्हणजे यंत्रच आहे, तुला नवीन, चालवायला जमायचं नाही! मला हसू आलं. १९८४ साली आमचं घर बांधताना हे नागपूरला आणि मी इथे, दर आंतर्देशीय पत्रात एकच प्रश्न, "स्लॅबला पाणी मारतेस ना?" डेबोरा १७७४ मध्ये गेली. तो परतला १७७५ मध्ये. त्या पुऱ्या झालेल्या घरात दोघं एकत्र राहिलीच नाहीत. तिथल्या बाकावर मी बराच वेळ बसून राहिले.

हे लिहायचं कारण, आमच्या पेठेतल्या पडलेल्या वाड्याच्या जागी 'हुबेहूब वाडा' करायचं घाटतंय. महिरपी फायबरच्या, सुरूचे खांब सिमेंटचे. वाड्याचा एकही फोटो मी पाहिलेला नाही. मग हुबेहूब कशाच्या? जोतं अजून शाबूत आहे, पायरीचा दगड मधोमध झिजलेला आहे. तेवढं उघडं ठेवून भोवती कठडा घाला आणि ठाऊक आहे तितकंच पाटीवर लिहा. जरा घाई करा मात्र. परवाच त्या जोत्यावर वाळूचा ट्रक रिकामा झाला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा