लिपो बॅटरीला मोबाईलचा न्याय लावू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टी लागली की घराघरांत रिमोटच्या गाड्या, थर्माकोलची विमाने आणि घरी जोडलेले ड्रोन दिसू लागतात. त्यांच्यासोबत येते ती लिथियम पॉलिमर, म्हणजे 'लिपो' बॅटरी. मोबाईल रात्रभर चार्जिंगला लावून झोपायची सवय असल्याने बरेच पालक हिलाही तसेच लावतात. मोबाईलच्या बॅटरीत जादा चार्ज आणि शॉर्ट यांवर नजर ठेवणारे छोटे सर्किट असते. कॅमेऱ्याच्या तयार ड्रोनमध्येही असते. छंदासाठी सुट्या मिळणाऱ्या पॅकमध्ये सहसा नसते. आत नुसते सेल, बाहेर दोन जाड तारा आणि एक पांढरा बारीक कनेक्टर. पहारा माणसानेच द्यायचा.

एक सेल पूर्ण भरतो 4.20 व्होल्टला आणि 3 व्होल्टच्या खाली गेला की बिघडतो. '3एस' म्हणजे असे तीन सेल ओळीने, भरल्यावर 12.6 व्होल्ट. पण एकूण 12.6 दिसले म्हणून निर्धास्त होता येत नाही, कारण आत एक 4.30, दुसरा 4.20 आणि तिसरा 4.10 असू शकतो आणि धोका त्या पहिल्याचा. पांढरा बॅलन्स कनेक्टर चार्जरला जोडायचा तो यासाठीच. 'घाईत आहे, नुसत्या जाड तारांवर चार्ज करतो' हे चालत नाही. करंट 1सी, म्हणजे पॅकच्या क्षमतेच्या एकपट: 2200 एमएएचच्या पॅकला 2.2 अँपिअर. त्याहून जलद चार्जिंगचा आकडा लेबलवर असला तरी घाईचे कारण नसेल तर 1सीच बरे.

चार्जरवरचा मोड दोनदा वाचावा. एकाच चार्जरवर लिपोचा आणि जुन्या निकेल बॅटऱ्यांचा असे वेगवेगळे मोड असतात. निकेलच्या मोडमध्ये बॅटरी भरल्यावर व्होल्टेज किंचित पडते आणि तेवढ्यावरून चार्जर थांबतो. लिपोचे व्होल्टेज तसे पडत नाही, म्हणून चार्जर करंट ढकलतच राहतो. फार उतरलेला पॅक चार्जर 'लो व्होल्टेज' सांगून नाकारतो, तेव्हा त्याला निकेलच्या मोडवर दोन मिनिटे लावून 'जिवंत' करायची युक्ती पोरांत फिरते. ही सगळ्यात वाईट युक्ती. सेल फार खाली गेला की आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबे नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट करते. असा पॅक गेला असे समजावे. तशी वेळ येऊ नये म्हणून क्षमतेच्या 80 टक्केच वापरावी. उडवून झाल्यावर चार्ज करताना 2200च्या पॅकमध्ये चार्जरने 1750च्या वर एमएएच भरले, तर पुढच्या वेळी उडवण्याच्या वेळेचा टायमर एक मिनिट कमी करावा.

चार्जिंग उघड्या फरशीवर, पडदा-गादीपासून लांब आणि माणूस जागा असताना. कुंभार गल्लीतली जाड मातीची कुंडी आणि तळाला चार बोटे कोरडी वाळू, एवढी व्यवस्था पुरते. वाळू मात्र बांधकामाची, चाळून उन्हात वाळवलेली घ्यावी. उद्यमनगर-शिरोलीकडे फाउंड्रीची काळी वाळू सहज मिळते म्हणून कोणी तीच भरेल, पण तिच्यात बहुधा कोळशाची पूड असते. घट्ट झाकणाचा डबाही नको, वायू कोंडून तोच फुटेल. उडवून आणलेला गरम पॅक हाताला गार लागेपर्यंत चार्जरला जोडू नये. मे महिन्यात पन्हाळ्याच्या पार्किंगमध्ये बंद गाडीत तर पॅक ठेवूच नये.

उद्या उडवायचे म्हणून भरलेला पॅक पावसामुळे आठवडाभर तसाच पडून राहतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे नेहमीचेच. भरलेल्या अवस्थेत पडून राहिला की आतले द्रव्य विघटन पावून वायू सुटतो आणि पॅक फुगतो. दोन-तीन दिवसांत उडवायचे नसेल तर चार्जरच्या 'स्टोरेज' मोडने प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर आणावा. फुगलेल्या पॅकला टाचणी टोचून हवा काढणारे महाभाग आहेत. त्यांच्याविषयी काय लिहावे?

कनेक्टर बदलताना दोन्ही तारा एकदम पक्कडीत धरून कापू नयेत. पक्कडीचे पातेच दोन टोके जोडते आणि 25सीचा, म्हणजे क्षमतेच्या 25 पट करंट देणारा 2200चा पॅक 55 अँपिअर तर हसत देतो, शॉर्टमध्ये त्याहून कितीतरी जास्त. आधी लाल तार कापावी, डाग देऊन तिच्यावर स्लीव्ह चढवावी, मगच काळीला हात लावावा.

विमान आपटले तर पॅक लगेच काढून अर्धा तास उघड्यावर ठेवावा, काही पॅक उशिरा पेटतात. कोल्हापुरात कौतुकाने म्हणतात ते 'जाळ अन् धूर संगटच' इथे शब्दशः घडते, आणि त्यातला धूर जास्त वाईट. त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, म्हणून आधी माणसे बाहेर काढावीत. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा दबते, पण सेल गार होत नाही आणि पुन्हा भडकतो. चार्जरचा प्लग काढल्यावर भरपूर पाणी मारायला हरकत नाही.

निकामी पॅक मिठाच्या पाण्यात बुडवावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात टोके गंजून तुटतात आणि सेलमध्ये चार्ज तसाच उरतो. त्यापेक्षा मोटारसायकलच्या इंडिकेटरचा 12 व्होल्टचा बल्ब 3एसच्या पॅकला जोडून, अंगणात वाळूवर, तो पूर्ण विझेपर्यंत ठेवावा. मग दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप. फुटलेल्या किंवा चिरलेल्या पॅकला मात्र बल्बही जोडू नये, तो सरळ वाळूत घालून बाहेर ठेवावा.

त्यानंतर न्यायचा कुठे, इथे गाडी अडते. 2022च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ग्राहकाने बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळायची नाही. प्रत्यक्षात ती कचऱ्याच्या टिपरमध्ये जाते आणि दाबल्या जाणाऱ्या ओल्या-सुक्या ढिगात चिरडते. प्रत्येक विभागीय कार्यालयात वाळू भरलेला एक लोखंडी पिंप आणि त्यावर 'फक्त बॅटरी' अशी पाटी, एवढे महापालिकेने करावे. छंदाचे सामान विकणाऱ्या दुकानदारांनीही पॅक विकताना जुना परत घ्यावा.

आपले,
एरोमॉडेलिंगचा नाद असलेले काही वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर