चुंबकत्वाचा परिणाम कवचात, गाभ्यात नव्हे

महोदय,
न्यूट्रॉन ताऱ्यांवरील (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरणाऱ्या अतिघन ताऱ्यांवरील) आपल्या लेखातून, चुंबकत्वामुळे अख्ख्या ताऱ्यातील द्रव्य बदलते असा समज होतो. तो सरसकट खरा नाही. आमच्या फ्रिजच्या दारावर दुधाचे बिल धरून ठेवणारा चुंबक जेमतेम १०० गॉसचा (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक), तर मॅग्नेटारच्या, म्हणजे अतितीव्र चुंबकत्व असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या, पृष्ठभागावरील चुंबकीय क्षेत्र १०० लाख कोटी गॉस किंवा त्याहूनही अधिक असते. तेथे, बाहेरच्या कवचात, इलेक्ट्रॉनांची चुंबकीय बलरेषांना आडवी हालचाल इतकी आवळली जाते की अणू गोल न राहता बलरेषेच्या दिशेने सुईसारखा लांबट होतो आणि असे अणू एकमेकांना जोडून साखळ्या बनू शकतात. गाभ्याची घनता मात्र अणुकेंद्रकाहूनही जास्त. तेथील द्रव्याचा दाब लक्षणीय बदलायला पृष्ठभागावरील या क्षेत्राच्या सुमारे १० हजार पट क्षेत्र लागेल.

– एक वाचक, दादर, मुंबई