वारशाचे पैसे आणि गृहकर्ज

महोदय,

आत्याच्या ठेवींतून मला सात लाख रुपये मिळाले आणि घरात दोन तट पडले. यजमान म्हणतात, म्युच्युअल फंडात टाकू. मी म्हणते, गृहकर्जात भरू. (सासूबाईंचे मत सोन्याला, ते मोजलेले नाही.) वारशावर कर नाही, इस्टेट ड्यूटी (मृताच्या मालमत्तेवरचा कर) १९८५ मध्येच गेली.

आमचे २२ लाखांचे कर्ज बाकी आहे, व्याज साडेआठ टक्के, मुदत १५ वर्षे. सहा लाख भरून हप्ता तोच ठेवला तर कर्ज पावणेनऊ वर्षांत फिटते. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटही नाही, हे दाखवल्यावर यजमान जरा नरमले.

शाखेत मात्र साहेबांनी आपणहून हप्ता कमी करण्याचाच अर्ज पुढे केला. मुदत कमी करता येते हे मी विचारले म्हणून कळले. शिवाय मुदतीआधी पैसे भरण्यावर 'काही चार्ज लागेल' असे मोघम उत्तर! वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या दराचे असेल तर बँकांना असा चार्ज घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच मनाई केली आहे.

उरलेला एक लाख बचत खात्यातच राहील. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी तळमजल्यात शिरले, तेव्हा हाताशी रोकड नसण्याचे हाल आम्ही पाहिले आहेत.

हप्ता कमी की मुदत कमी, या दोन्ही पर्यायांचा बँकांनी हिशेब लेखी द्यावा, एवढीच मागणी.

एक गृहिणी, दांडिया बाजार, वडोदरा